तीन गाठींची जास्वंद

तात्या,

बोरिवलीला तुमच्या लेकीच्या दारात जी जास्वंद आहे, ती मी गुडघ्याइतकी छाटली त्याला तीन आठवडे झाले, आणि काल तिला फूट आली. अकरा डोळे मोजले. आठ मोठ्या खोडावर, तीन डावीकडच्या बारक्यावर. तीन आठवडे मला नीट जेवण गेलं नव्हतं. काल परत येताना मी शीळ घालत चाललो होतो. त्रेचाळीस वर्षांचा चष्मेवाला माणूस, खांद्याला पिशवी, आणि तोंडाने शीळ. समोरून आलेल्या एका बाईने पदर सावरून रस्ता बदलला. तिचं काही चुकलं नाही.

तुम्हाला यातलं बरंचसं ठाऊक आहे, म्हणजे ठाऊक होतं हे मला आता कळलंय. तरी पहिल्यापासून लिहितो. अर्धवट छाटणी मला चालत नाही.

मी मुलुंडच्या त्या औषधांच्या कारखान्यात आलो तेव्हा सव्वीस वर्षांचा होतो. गिरणीतलं बदलीचं काम सुटलेलं, घरात वडिलांचा खोकला, आणि आग्रा रोडच्या बाजूच्या फाटकावर कुणीतरी सांगितलं की बागेत माणूस हवाय. तुम्ही हेडमाळी. खाकी अर्धी चड्डी, वर पांढरा सदरा, डोक्याला पंचा. मी सातवी पास असल्याचं तुम्हाला पहिल्या पाच मिनिटांत सांगून टाकलं. तुम्ही म्हणालात, "बरा झाला. माजी गावची पत्रां वाचूक कोण तरी व्हया होता." आणि मला आठ दिवस हत्यार दिलं नाहीत. "नुसतो फिर," म्हणालात. "झाडाभोवती एक फेरी मार. मगे उलटी फेरी मार. खंयच्या बाजूक वाकलासा, कित्याक वाकलासा, बघ." मी फिरलो, पण रागाने. गिरणीत मी यंत्रावर उभा राहिलेला माणूस, आणि इथे मला मेंदीच्या कुंपणाला प्रदक्षिणा घालायला लावतात. आठव्या दिवशी तुम्ही विचारलंत की फाटकाजवळचा क्रोटन कुठल्या बाजूला जड आहे. मला सांगता आलं नाही. तुम्ही आणखी आठ दिवस फिरवलंत.

तुमची झाडांना नावं ठेवायची तऱ्हा मला आधी गंमत वाटायची आणि मग लाज. ऑफिसच्या पायऱ्यांशी एक अरेलिया होता, ताठ, वर्षभर तसाच, ना फूल ना वास. त्याला तुम्ही 'हेडक्लार्क' म्हणायचात. लाल डागांची अकॅलिफा म्हणजे 'पानखावू'. मुसेंड्याच्या पांढऱ्या पानांमुळे तो 'धुतलेली बंडी'. आणि कंपाउंडवरची बोगनवेल, जी जाणाऱ्यायेणाऱ्याचा सदरा पकडायची, ती अर्थातच 'सासू'. "आज सासूक जरा आवर," असं तुम्ही सकाळी सांगायचात आणि कँटीनमधल्या बाया हसायच्या. पण नवं झाड आलं की त्याला तुम्ही नाव द्यायचा नाहीत. कुणी विचारलं तर, "तीन पावसाळे काढूदे, मगे बारसा." तीन पावसाळे झाडाने आपल्या मातीत काढले, तगलं, स्वतःची सवय दाखवली, की मग एखाद्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत बिडी विझवून तुम्ही त्याच्याकडे बघत नाव सांगायचात. ते नाव नंतर बदललं जात नसे.

मी ती नावं कुणापुढे घेत नसे. मला खरी नावं हवी होती. घाटकोपरला रद्दीवाल्याकडे मला एक इंग्रजी पुस्तक मिळालं होतं, वरचा पुठ्ठा गेलेला, मधली चित्रं शाबूत. शोभेची झाडं, त्यांची लॅटिन नावं, त्यांची छाटणी. एबीसीडी मला येत होती, पुढचं नाही. शेजारच्या मॅट्रिकच्या पोराकडून जुनी डिक्शनरी घेतली आणि ते पुस्तक शब्द शब्द उकलत दीड वर्षात वाचून काढलं. लॅटिन तर डिक्शनरीतही नव्हतं. ते मी तसंच पाठ केलं, चित्रावर बोट ठेवून. मॅनेजरसाहेब एकदा बागेतून जाताना मी म्हणालो, "सर, धिस इज हायबिस्कस रोझा सायनेन्सिस." साहेब थांबले. तुम्ही बाजूला पाण्याचा पाइप धरून उभे होतात. साहेब गेल्यावर तुम्ही जास्वंदीकडे वळून म्हणालात, "काय गो, ऐकलंस? तुजा नाव बदलला." मला त्या दिवशी जेवढा राग आला तेवढाच आनंदही झाला होता.

आता गाठींचं. तुम्हाला लिहिता येत नव्हतं, म्हणून तुमच्या खुणा काथ्याच्या. छाटणीच्या आधी तुम्ही बागभर फिरून फांद्यांना सुंभाचे तुकडे बांधायचात. एक गाठ म्हणजे इथे काप. दोन गाठी म्हणजे हात लावू नको. हे मला पहिल्या महिन्यात शिकवलंत. तीन गाठींची फांदी मी साऱ्या बागेत एकदाच पाहिली, कँटीनमागच्या जास्वंदीच्या ओळीत. मी विचारलं, "तात्या, तीन म्हणजे?" तुम्ही म्हणालात, "ता तुज्या बुकात नाय." आणि हसलात. मी पुन्हा विचारलं असतं तर तुम्ही सांगितलं असतं, ही माझी खात्री आहे. मी विचारलं नाही. मी मनात म्हटलं, नसेल तर नसेल.

ती फांदी कुठली हे मात्र मला माहीत होतं. ओळीतली सगळी जास्वंद तांबडी, साधी, पाच पाकळ्यांची. डावीकडून सातव्या झुडपात मांडीच्या उंचीवरून एक फांदी फुटली होती, आणि तिच्या फुलांचा रंग वेगळा. गाजराच्या रसात दूध घातलं तर येईल तसा, आणि मध्ये तांबडा ठिपका. झाड तेच, मूळ तेच, एका फांदीनेच आपला रंग बदललेला. असं होतं हे पुस्तकात होतं. शेकडो झाडांत एखाद्यात होतं, आणि त्या फांदीचं कलम लावलं तर रंग टिकतो, नवी जात होते, जो ती करेल तो तिला नाव देतो. तुम्ही मला ते फूल कधी दाखवलं नाहीत. तुमच्या हिशोबाने त्याची वेळ यायची होती. मी ते चोरून पाहिलं होतं. याबद्दल पुढे लिहीन.

त्या वर्षी शिमग्याला तुम्ही पंधरा दिवस गावी गेलात. जाताना म्हणालात, "पाणी नाय घातलंस तरी चलात, पण उगाच कातर घालू नको." आणि तुम्ही गेल्याच्या तिसऱ्या दिवशी साहेबांचा निरोप आला: पुढल्या सोमवारी परदेशी पाहुणे येणार, बागेला नावं लावा. तात्या, मला आजही त्या सकाळचं ऊन आठवतंय. मी स्टोअरमधून रंगाचे रिकामे डबे मागून घेतले, कात्रीने पत्रा कापला, कडा ठोकून बोथट केल्या, वर पांढरा ऑइल पेंट दोन हात, आणि काळ्या रंगात बारीक ब्रशने अक्षरं. बेचाळीस पाट्या. एका अक्षराची चूक नाही, मी पुस्तकाशी तीन तीनदा ताडून पाहिल्या. पाट्या लटकवायला गेलो तर जागोजाग तुमचे काथ्याचे तुकडे. झाडांना ताईत बांधल्यासारखे. परदेशी पाहुणे काय म्हणतील, असं मी खरंच मोठ्याने म्हणालो, दुसरं कुणी नव्हतं तरी. मी ते सगळे सोडवले आणि टोपलीत टाकले. कुठला कुठल्या फांदीवरचा, मला सगळं पाठ आहे, असं मला वाटत होतं.

कँटीनमागची ओळ तेवढी वेडीवाकडी दिसत होती. फुलं संपलेली, टोकं इकडेतिकडे गेलेली. पाहुण्यांना चहाला तिकडेच आणणार होते. मी मोठी कातर घेतली, दोरी ताणली आणि ओळ गुडघ्याच्या उंचीवर सरळ केली. दोरीकडे बघत कापत गेलो, झाडांकडे बघितलंच नाही. फेरी मारली नाही, ना सुलटी ना उलटी. सातवं झुडूप आलं आणि गेलं. ओळ इतकी सरळ झाली होती की मी मागे सरून एक डोळा मिटून पाहिली आणि स्वतःवर खूश झालो.

मला कळलं ते संध्याकाळी, टोपली रिकामी करताना. काथ्यांच्या गुंत्यात तीन गाठींचा तुकडा वर आला. मी धावत गेलो. फांदी मांडीच्या उंचीला फुटली होती, मी कापलं गुडघ्याला. तिचा डोळासुद्धा मागे राहिला नव्हता. छाटण बॉयलरच्या मागे नेऊन टाकलं होतं आणि अर्ध्याला आधीच आग लावली होती. उरलेल्यातून मी मिळतील त्या काड्या वेचल्या. चौसष्ट. पानांवरून ओळखू येते का ते पाहिलं. नाही येत, पानं सारखीच असतात. चौसष्टही काड्या पाण्याच्या टाकीमागे वाळूत लावल्या आणि वर गोणपाट टाकलं, म्हणजे कुणी विचारायला नको. पाहुणे आले, पाट्या वाचल्या, एका गोऱ्या बाईने माझा हात हातात घेऊन काहीतरी म्हटलं. मला त्यातलं 'वंडरफुल' तेवढं कळलं.

तुम्ही आलात ते तांदळाच्या पिठाची पिशवी आणि कुळीथ घेऊन. मला कुळीथ दिलेत. मग नेहमीसारखे फेरीला निघालात आणि मी पाच पावलं मागे. पाट्यांवर बोट फिरवलंत. "बरा लिवलंस," म्हणालात. "पण हाक मारल्यार ओ देता काय ता बघूक व्हया." कँटीनमागे आलात. सातव्या झुडपापाशी थांबलात. तुमचा उजवा हात पुढे गेला आणि मांडीच्या उंचीवर, जिथे काही नव्हतं तिथे, हवेत क्षणभर थांबला. मग तुम्ही तो हात पंचाला पुसलात. "ओळ सरळ केलंस," एवढंच म्हणालात.

मी तेव्हाच बोलायला हवं होतं. ठरवलंही होतं. पण वाळूत चौसष्ट काड्या होत्या. त्यातली एक जरी गाजराच्या रंगाची फुलली तर मी ती कुंडीत घालून तुमच्यापुढे ठेवणार होतो आणि मग सगळं सांगणार होतो. चौसष्टांतल्या एकोणचाळीस जगल्या. थंडीत एकेक करून फुलल्या. एकोणचाळीसही तांबड्या.

त्याच थंडीत एका दुपारी आपण दोघं कँटीनमागे बसलो होतो. तुम्ही बिडी पेटवलीत आणि ओळीकडे बघत विचारलंत, "ह्या ओळीत एक वायच येगळा फूल येय होता मरे. तू बघितलं होतंस?"

मी म्हणालो, "नाही तात्या. मी तर सगळी तांबडीच बघितली."

"कधीच नाय?"

"कधीच नाही."

तुम्ही बिडीची राख झटकलीत. मग म्हणालात, "मगे माकाच तसा दिसला आसात. डोळे गेले माजे." आणि बिडी अर्धीच विझवलीत.

त्यानंतर महिन्याभराने तुम्ही मला तुमचं सिकेटर दिलंत, फांद्या कापायचं ते विलायती, ज्याच्या मुठीला तुम्ही सायकलच्या ट्यूबची पट्टी गुंडाळली होती. सगळ्या माळ्यांसमोर दिलंत. "माका आता दिसना नाय. ह्येका दिसता." मी खाली वाकून पाया पडलो ते मुख्यतः तोंड लपवायला. मला हेडमाळी केलं गेलं. तुम्ही वर्षाच्या आत नोकरी सोडून गावी गेलात आणि तिथून अडीच वर्षांनी तुम्ही वारल्याचा निरोप आला. मी गावी आलो नाही. कुठल्या तोंडाने येऊ? माझं सगळं पुढचं आयुष्य त्या 'ह्येका दिसता'वर उभं होतं, आणि त्याच्या खाली काय पुरलंय ते मला एकट्याला माहीत होतं. एका माणसाने नीट पाहिलेली गोष्ट मी खोटी ठरवली आणि तो स्वतःला आंधळा समजून मेला, असं मी इतकी वर्षं धरून चाललो होतो.

बाकी माझं बरं झालं, तात्या. कारखाना सोडला, अंधेरीला छोटी नर्सरी काढली. सोसायट्या, बंगले, दोन शाळा माझ्याकडे आहेत. लोक म्हणतात शोभेच्या झाडांची छाटणी याच्याकडून शिकावी. एका मराठी मासिकाने माझ्यावर अर्धं पान छापलं, तिथे मी म्हटलंय की मला कुणी शिकवलं नाही, मी पुस्तकावरून शिकलो. हे मी इतक्यांदा सांगितलंय की माझ्या बायकोला ते माझ्या आधी म्हणता येतं.

मे महिन्यात तुमच्या लेकीचं पोस्टकार्ड आलं. कारखान्यात चौकशी करून पत्ता मिळवलेला. चाळीची भिंत पडायला आलीय, बांधायला घेतलीय, भिंतीला लागून वडिलांनी लावलेलं झाड आहे, गवंडी म्हणतो उपटा, तुम्ही येऊन बघाल का. मी गेलो. मला वाटलं आंबा नाहीतर शेवगा असेल. बोरिवली स्टेशनच्या पूर्वेला, गोठ्यांच्या मागे, पत्र्याची बैठी चाळ. तुमची लेक दारात भांडी घासत होती. तुमचंच नाक. मी नाव सांगितलं तर हात न धुता उभी राहिली आणि मला खालपासून वरपर्यंत बघून म्हणाली, "म्हणजे तुम्हीच काय ते पाटीवाले?"

"पाटीवाले?"

"बाबा तेच म्हणायचे. माजो पाटीवालो. नाव कधी घेतलंच नाही, म्हणून तर शोधायला इतका वेळ लागला ना. कारखान्यात जाऊन विचारलं, पाटीवाले कोण, तर वॉचमन हसायला लागला. या, मागच्या दारात आहे."

मागे पुरुषभर उंचीची जास्वंद होती. दहा हात पसरलेली, भिंतीवर रेललेली, आणि तिच्यावर तीसेक फुलं. गाजराच्या रसात दूध घातल्यासारखी. मध्ये तांबडा ठिपका.

मी तिथे पायरीवर बसलो. तुमची लेक म्हणाली, "काय झालं? ऊन लागलं का? पाणी देते." पाणी दिलं. मग माझ्याकडे बघत शेजारीच उकिडवी बसली आणि आपण होऊनच सांगत सुटली. तुम्ही गावी जायच्या बऱ्याच आधी, तिचं लग्न होऊन वर्ष झालं होतं तेव्हा, एका पावसाळ्यात फडक्यात गुंडाळून चार काड्या आणल्या होत्यात. तीन मेल्या, ही एक लागली. लागली त्या दिवशी तुम्ही इथे जेवलात आणि म्हणालात, आता कारखान्यात जाऊन तिसरी गाठ मारतो.

मी विचारलं, "तिसरी गाठ म्हणजे काय ताई?" पंधरा वर्षांनी विचारलं.

"अहो, म्हणजे हिचं पोर दुसऱ्या घरी सुखरूप आहे. आता मूळ झाड गेलं तरी रडायचं कारण नाही. आमच्या आजोबांपासून चालत आलंय, कलमांच्या बागेत. तुम्हाला नाही सांगितलं?"

"मी विचारलं नाही."

"असं बघा," ती म्हणाली आणि हसली. मग एकदम तुमच्या आवाजात, तुमच्या मालवणीत, जशी नक्कल तुमची लेकच करू जाणे: "ह्या वाडला की पाटीवाल्याक बोलव. दुसऱ्या कोणाक हात लावूक दिव नको. त्येका गुडघ्याक कापूक बरा येता."

तात्या, तुम्हाला माहीत होतं. ज्या दिवशी तुमचा हात हवेत थांबला त्याच दिवशी. ज्या दुपारी बिडी पेटवून मला विचारलंत तेव्हा तुमच्या लेकीच्या दारात ते झाड फुललेलं होतं, आणि मी तोंडावर सांगत होतो की असं फूल नव्हतंच. तुम्ही मला दोनदा विचारलंत. दुसऱ्यांदा 'कधीच नाय?' म्हणालात तेव्हा मला दार उघडून दिलं होतंत, आणि मी आत आलो नाही. तरीही महिन्याभराने सगळ्यांसमोर सिकेटर दिलंत. का, ते मला आजही नीट कळत नाही. मोतीबिंदू तर खरोखरच होता, लेक म्हणाली. उजव्या डोळ्याला. कदाचित तेवढंच कारण असेल. मी उगाच जास्त खोदत नाही. मला फक्त एवढं पुरे आहे की तुम्ही स्वतःच्या डोळ्यांवर संशय घेऊन मेला नाहीत. संशय तुम्ही माझ्यावर घेतलात आणि तो खरा होता. खोटारडा ठरल्यावर माणसाला इतकं हलकं वाटत असेल हे मला ठाऊक नव्हतं.

त्या दिवशी मी कातर काढली नाही. दोन दिवसांनी गेलो, आणि आधी फेरी मारली. सुलटी, मग उलटी. गवंडी बिडी ओढत बघत होता. "शेठ, लग्न लावताय काय?" म्हणाला. तुमच्या लेकीने त्याला दटावलं. मग तुमच्याच सिकेटरने एकेक फांदी घेतली आणि गुडघ्यावर आलो. जुनं खोड, मनगटाएवढं. इतकं जुनं झाड इतक्या खाली कापलं तर फुटेलच असं कुणी सांगू शकत नाही, पुस्तकसुद्धा. आधी चाळीस काड्या वाळूत लावून ठेवल्या होत्या, तरी तीन आठवडे मी रोज देवासमोर उभा राहत होतो, मी, जो फक्त दिवाळीला उभा राहतो. दोनदा तेच झाड मारलेला माणूस म्हणून मला जगायचं नव्हतं. काल अकरा डोळे दिसले. पोपटी, तांदळाच्या कणीएवढे. तुमच्या लेकीला बोलावून दाखवले. ती म्हणाली, "मग आता नाव? बाबा म्हणाले होते, नाव काय ठेवूचा ता पाटीवालो ठरवीत. आम्ही इतकी वर्षं नुसतं बाबांचं झाड म्हणतोय."

मी म्हणालो, कलमांना तीन पावसाळे काढू देत. ती तुमच्यासारखी मान हलवून आत गेली आणि काथ्याचा तुकडा घेऊन आली. वाळूतली एक काडी लागली आहे, मी तिला सांगितलं होतं. तिने खोडाला सुंभ गुंडाळला, पहिली गाठ मारली, दुसरी मारली, आणि तिसरी मला मारायला सांगितली. मला ती मारता आली नाही. उलटी घ्यायची असते म्हणे. तिने माझी बोटं धरून शिकवली.

मासिकात ते वाक्य छापून गेलंय, ते आता परत घेता येत नाही. पण परवा एका सोसायटीत कुणीतरी विचारलं, कुठे शिकलात, तेव्हा मी म्हणालो, मुलुंडला, एका हेडमाळ्याकडे. बायको बाजूला होती. तिने मान वळवून पाहिलं.

तुमची गावची पत्रं मीच तुम्हाला वाचून दाखवायचो. तेव्हा हे पत्रही मलाच वाचून दाखवावं लागलं असतं, आणि खरं सांगतो, पुढचा भाग मी गाळला असता. ते फूल मी चोरून पाहिलं होतं असं वर लिहिलंय. तेवढंच नाही. तुम्ही गावी गेलात त्या पंधरवड्यात मी बेचाळीस नाही, त्रेचाळीस पाट्या केल्या होत्या. त्रेचाळिसावीवर हायबिस्कस, आणि पुढे माझं आडनाव, लॅटिन वाटावं अशी शेपटी लावून. तुमच्या फांदीसाठी. एका पावसाळ्याचीही वाट न बघता. ती पाटी मी आजवर बियांच्या पेटीत तळाला ठेवली होती, कशासाठी ते विचारू नका. आज सकाळी काढली आणि रॉकेलच्या फडक्याने पुसली. रंग गेला. पण अक्षरं सरळ यावीत म्हणून मी आधी पत्र्यावर खिळ्याने ओरखडे काढून घेतले होते, त्यामुळे पाटी उन्हात तिरकी धरली की नाव अजून वाचता येतं.